पालखी विसावल्यावर

वारीत जात आठवत नाही म्हणतात. चालताना खरंच नाही आठवत. रिंगणात अश्व धावून गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला सगळे एकदमच वाकतात. जातीचा प्रश्न येतो तो पालखी विसावल्यावर, पंगत बसते तेव्हा.

आमचं घर चांभाराचं. आजोबा लोणंद-फलटणच्या मुक्कामी वारकऱ्यांच्या वहाणा शिवून द्यायचे. पैसा घेत नसत, ती त्यांची सेवा. जेवायचे मात्र बाजूला, आपल्याच माणसांत. पंढरीत पोचलं की महाद्वारात चोखोबांच्या समाधीवर डोकं टेकायचं, कळसाला हात जोडायचे आणि मागं फिरायचं. मे १९४७ मध्ये साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, तेव्हा कुठं विठ्ठलाच्या देवळाचं दार आमच्यासाठी उघडलं. चोखोबा गेले १३३८ साली. त्या दारातून आत जायला आम्हाला सहाशे वर्षं लागली, आणि तेही नुसत्या भजनानं उघडलं नाही. २०१४ मध्ये देवळातल्या बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क संपले तेही सर्वोच्च न्यायालयात. वारी माणसाला मऊ करते, हे मी अनुभवानं सांगतो. पण हक्क भांडूनच मिळाले.

पूर्वी एका दिंडीत भिशी, म्हणजे वारीतल्या जेवणाखाण्याची वर्गणी, भरायला गेलो, तर आडनाव ऐकून ‘जागा भरली’ म्हणाले. माझ्या मागच्याला मिळाली. तो राग अजून आहे.

यंदाच्या दिंडीत तरडगावला भाकरीला हात कमी पडले. एका काकूंनी हाक मारली, “माऊली, हात धुऊन या हिकडं.” परातीत ज्वारीचं पीठ, शेजारी कढत पाणी. मळता मळता विचारलंच, “आडनाव काय म्हनलं?” सांगितलं. त्यांचा हात जरा थांबला. मग माझ्या गोळ्याकडं बघून म्हणाल्या, “पानी घ्या अजून, चिरतीया ती.” त्या रात्री माझ्या हातच्या भाकऱ्या पंगतीत सगळ्यांनी खाल्ल्या. काकूंनी स्वतः दोन मागून घेतल्या. आजोबांना हे बघायला मिळायला हवं होतं.

विण्याचा मान मात्र आमच्या दिंडीत अजून एकाच घराकडं आहे. पुढच्या वारीला निदान एका मुक्कामापुरता तरी वीणा माझ्या गळ्यात द्या, असं वाखरीला दिंडीप्रमुखांना चारचौघांत सांगितलंय. कार्तिकीला बैठक आहे, तिथं पुन्हा विचारणार.