खोबरेल थिजलं की हिवाळा

आपल्या शाळेच्या पहिलीच्या वर्गात फळ्याशेजारी वर्षभर तीन वस्तू असायच्या : खोबरेल तेलाची छोटी बाटली, वाटीभर खडेमीठ आणि पुठ्ठ्याचं मोठं कोरं चाक. ऋतूंचा विकतचा तक्ता नव्हता. त्यात हिवाळा म्हणजे बर्फाचा माणूस, आणि तो ठाण्यात कुणाच्या सात पिढ्यांनी पाहिलेला नाही. आम्ही काही माजी विद्यार्थी आता ठाण्या-कळव्यात पहिली-दुसरीला शिकवतो, आणि ऋतू आले की हात त्याच वस्तूंकडे जातो. ‘शाळेने मला घडवलं’ या विषयावर स्मरणिकेत बाकीचे लिहितीलच. इथे त्या वस्तू कशा करायच्या आणि कुठे फसतात, तेवढंच.

मूळ नियम एकच. ऋतूचं नाव आधी सांगायचं नाही. महिनाभर नोंद करायची आणि शेवटच्या शनिवारी चाकावर त्या महिन्याच्या घराला रंग द्यायचा : पावसाला निळा, थंडीला पांढरा, उन्हाला पिवळा. सहा वर्षांच्या मुलाला ‘मागच्या वर्षी’ म्हणजे कधीकधी मागचा आठवडा असतो. वर्ष फिरून परत येतं, हे त्याला गोल डोळ्यांसमोर असल्याशिवाय उमजत नाही.

चाकासाठी कंपासमध्ये 24 सेंटीमीटर अंतर घेऊन वर्तुळ काढा. तेच अंतर कायम ठेवून परिघावर टोक टेकवत गेलं की बरोबर सहा खुणा पडतात. प्रत्येक भाग अर्धा केला की बारा घरं झाली. सहा ऋतू आणि बारा महिने एका कंपासमधून निघतात, हे मोठ्यांनाही आवडतं. चाक साध्या कार्डशीटचं करू नका. जुलैच्या दमट हवेत ते पापडासारखं वळतं. खोक्याचा जाड पुठ्ठा घ्या आणि ओल येणाऱ्या भिंतीवर टांगू नका. सुरुवात जूनपासून करा. शाळाही तेव्हाच उघडते आणि पहिलं घर भरायला पाऊस दारात उभा असतो.

पर्जन्यमापकासाठी शीतपेयाची दोन लिटरची बाटली लागते, पण सरळ बाजूंची, कमरेत वळण नसलेली. निमुळता भाग जिथे सुरू होतो तिथे कापा आणि वरचा तुकडा उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा, कडेने चिकटपट्टी लावा. तळ खाचखळग्यांचा असतो, म्हणून आत खडे टाकून सरळ भाग सुरू होईपर्यंत पाणी भरा. ती रेघ म्हणजे शून्य. पट्टी चिकटवताना बहुतेक जण इथे चुकतात : प्लास्टिकच्या पट्टीवर शून्याच्या आधी थोडी कोरी जागा असते. ती कापली नाही तर रोजचं माप तेवढंच चुकत राहतं. दुसरी चूक स्वयंपाकघरातलं रुंद नरसाळं लावण्याची. नरसाळ्याचं तोंड बाटलीच्या दुप्पट रुंद असेल तर पाणी चौपट भरतं, आणि मुलं आनंदाने ठाण्यात चेरापुंजी आणतात.

बाटली झाडाखाली किंवा भिंतीलगत ठेवू नये. भिंतीच्या उंचीच्या दुप्पट अंतर हवं. आपल्याकडच्या पटांगणात ते मिळत नाही, म्हणून गच्चीवर, कठड्यापासून लांब, दोन विटांमध्ये अडकवून ठेवायची. हवामान खात्याप्रमाणे सकाळी साडेआठला वाचायची आणि शून्याच्या रेघेपर्यंत रिकामी करायची. सोमवारी दोन दिवसांचा पाऊस एकत्र मिळतो, तो तसाच ‘शनि-रवि-सोम’ म्हणून लिहा, भागाकार नको. 24 तासांत 204.4 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की हवामान खातं त्याला सर्वांत वरच्या वर्गात टाकतं, आणि अशा दिवशी आपली बाटलीही काठोकाठ येते. भरून वाहिली तर ‘भरून वाहिली’ असंच लिहायचं, अंदाजे आकडा ठोकायचा नाही.

26 जुलै 2005च्या पावसात सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटरची नोंद झाली. हा आकडा फळ्यावर लिहून काही होत नाही. 94 सेंटीमीटरची लाल फीत कापून भिंतीला जमिनीपासून उभी लावा आणि मुलांना शेजारी उभं करा. बहुतेकांच्या गळ्यापर्यंत येते. एवढा पाऊस आभाळातून पडला, हे पुराचं पाणी नव्हे, हेही तेव्हाच सांगून टाका, नाहीतर घरी जाऊन वेगळंच सांगितलं जातं.

आता खोबरेल. ते साधारण 24 अंशांच्या खाली थिजायला लागतं, आणि ठाण्यात वर्गातलं तापमान तिथवर उतरतं ते थंडीच्या सकाळीच. म्हणजे बाटली आपणहून हिवाळा सांगते. पारदर्शक बाटलीत निम्मं तेल भरायचं, झाकण घट्ट लावायचं आणि पूर्वेची सोडून दुसऱ्या, ऊन न येणाऱ्या खिडकीत ठेवायची. शाळा भरताना पाहायचं : पातळ, गढूळ की घट्ट? आधी तळाशी पांढरे कण दिसतात, मग ढगासारखं धुकट होतं, मग बाटली आडवी केली तरी हलत नाही. दुपारपर्यंत पुन्हा पातळ. ज्या दिवशी पहिल्यांदा घट्ट झालं, तो दिवस चाकावर लिहायचा. तेल शुद्ध खोबरेलच हवं. सुगंधी, मिश्र तेल जानेवारीतही थिजत नाही आणि वर्ग फेब्रुवारीपर्यंत वाट पाहत बसतो. थर्मामीटर पहिलीला देऊ नका. मुलं त्याचा फुगा मुठीत धरतात आणि हवेऐवजी स्वतःचं अंग मोजतात.

मिठाला फार शिकवावं लागत नाही. पावसाळ्यात वाटीत पाणी सुटतं, डिसेंबरात खडे कोरडे खडखडतात.

उन्हासाठी काठी. वाळू भरलेल्या डब्यात झाडूचा दांडा रोवा, वाळूच्या नव्हे तर फरशीच्या पातळीपासून बरोबर 100 सेंटीमीटर उंच, आणि ओळंब्याने सरळ करा. ठाण्यात सूर्य माथ्यावर बाराला नाही, साडेबारा ते पाऊणच्या सुमाराला येतो. 22 डिसेंबरला त्या वेळची सावली सुमारे 92 सेंटीमीटर भरते, 21 मार्चला 35. सावलीच्या टोकाला तैलरंगाचा ठिपका द्या, खडू पुसला जातो. सावली पार नाहीशी होण्याचे दिवस वर्षात दोनच : मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस. एक सुटीत जातो, दुसरा ढगात. ‘उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो’ हे वाक्य मात्र चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नका. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला. आस कलल्याची गोष्ट पाचवीनंतर सांगितली तरी चालते, पण खोटी पायरी घालून ठेवली तर नंतर ती उखडत बसावं लागतं.

वसंत-ग्रीष्म वगैरे सहा ऋतू दुसरीत. तिथे अडचण येते ती अशी की पाठांतरात वर्षा ऋतू श्रावण-भाद्रपदाचा, आणि आपल्याकडे ज्येष्ठ-आषाढातच गटारं तुंबलेली असतात. एखादं मूल हे विचारतंच. त्याला गप्प करू नका. त्याची नोंद खरी आहे. महिने सणांवरून लक्षात राहतात, पण सण सरकतात : गणपती 2024 मध्ये 7 सप्टेंबरला आले, 2025 मध्ये 27 ऑगस्टला, आणि अधिक ज्येष्ठामुळे 2026 मध्ये थेट 14 सप्टेंबरला. संक्रांत सूर्यावर चालते, म्हणून ती जागची फारशी हलत नाही. चाकावर संक्रांतीला खिळा आणि गणपतीला टाचणी, एवढ्यात काम भागतं.

चाक भरत आलं की ते पुस्तकासारखं चार-चार महिन्यांचं दिसत नाही. निळी चार घरं असतात, पांढरी दोन, फार तर अडीच, बाकी सगळं पिवळं. ऑक्टोबरचं घर दरवर्षी भांडणात जातं, कारण पहिल्या आठवड्यात पाऊस आणि मग घामाच्या धारा. अर्धं-अर्धं रंगवू द्या.

मेचं घर सुटीमुळे कोरंच राहतं. म्हणून पहिलीचं चाक उतरवायचं नाही, जूनमध्ये ते दुसरीच्या वर्गात न्यायचं. कुणी कोकणातून करवंदांनी जांभळी झालेली बोटं घेऊन येतो, कुणी घाटावरच्या पाण्याच्या टँकरबद्दल सांगतो, कुणी इथेच राहिलेला असतो आणि त्याने स्टेशनजवळच्या बाजारात शेवळं ही रानभाजी आलेली पाहिलेली असते. मग ते शेवटचं घर सगळे मिळून रंगवतात.