गोळी कमी का करत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. टी-फोर, म्हणजे थायरॉइडचं हार्मोन, एवढा जास्त, बसल्या जागी नाडी १०४, आणि तरी रोज सकाळी थायरॉक्सिनची, म्हणजे त्याच हार्मोनची, गोळी घेता? तीही एवढ्या मोठ्या डोसची? कमी करा की!

थायरॉइड वाढलं की काय होतं आणि कमी झालं की काय होतं, हे तुम्हाला माहीत आहे. माझी पंचाईत अशी की मला दोन्ही एकाच वेळी आहे. याला थायरॉइड हार्मोन रेझिस्टन्स म्हणतात.

हे हार्मोन रक्तात असून भागत नाही, पेशीला ते ऐकू यावं लागतं. ऐकणारे रिसेप्टर मुख्यतः दोन प्रकारचे, अल्फा आणि बीटा. पिट्युटरी (मेंदूखालची ग्रंथी, थायरॉइडवर हुकूम चालवणारी) आणि लिव्हरची भिस्त बीटावर, हृदयाची अल्फावर. माझ्या बीटाच्या जनुकात एक अक्षर चुकलेलं आहे. दुसरी प्रत चांगली आहे, पण चुकलेली प्रत गप्प बसत नाही, चांगलीच्या कामातही खोडा घालते. त्यामुळे पिट्युटरीला कमी ऐकू येतं. ती टीएसएच सोडत राहते, म्हणजे थायरॉइडला निरोप, ‘आणखी बनवा’. हृदयाचे कान मात्र शाबूत. बहिऱ्या माणसासाठी लावलेला रेडिओ शेजाऱ्याने ऐकावा, तसं ते दिवसरात्र धडधडत असतं. स्नायूही ऊर्जा जाळत राहतात, म्हणून मला सारखी भूक लागते. थायरॉइड जास्त असलं की कोलेस्टेरॉल उतरतं म्हणतात. माझं उतरत नाही, कारण लिव्हरही बहिरं.

(अल्फा बिघडलेले लोकही असतात. त्यांचा शोध २०१२ मध्ये लागला. त्यांचं हृदय संथ चालतं, बद्धकोष्ठता असते, आणि टीएसएच नॉर्मल. त्यांना काय काय विचारतात, देव जाणे.)

‘मग ऑपरेशन कशाला केलंत?’ हा तुमचा पुढचा प्रश्न. तो मला टाळायचा असतो.

तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. टी-थ्री, टी-फोर ही थायरॉइडची दोन्ही हार्मोन्स वाढलेली, हात थरथरायचे, गळ्याशी थोडी सूज. कार्बिमाझोल, म्हणजे थायरॉइड दाबणारं औषध, सुरू झालं. टी-फोर उतरला, सगळे खूश. पण टीएसएच चढत गेला, सूज वाढत गेली, आणि दोन वर्षांनी निर्णय झाला, ग्रंथी काढून टाकू. मी हो म्हटलं. कुणी जबरदस्ती केली नव्हती. ऑपरेशननंतर थायरॉक्सिनचा नेहमीचा डोस सुरू झाला, तरी टीएसएच नव्वदच्या वर. ‘गोळी नीट घेत नाही तुम्ही,’ असं मला सहा महिने ऐकवण्यात आलं. रिकाम्या पोटी, घड्याळ लावून, एकही दिवस न चुकवता घेत होते मी! एकदा तर रिकामी पाकिटं पिशवीत भरून घेऊन गेले, दाखवायला. त्यांनी पिशवी उघडलीसुद्धा नाही.

मग एका शिकाऊ डॉक्टरने फाईल चाळता चाळता अगदी पहिला रिपोर्ट काढला. औषध सुरू होण्याआधीचा. टी-फोर वर, आणि टीएसएच ३.२. ‘टी-फोर वर असताना हा शून्याजवळ हवा होता,’ ती म्हणाली, ‘कुणी विचारलं नाही?’ त्या आकड्याखाली निळ्या पेनाने रेघ होती. ती माझीच. निदान एक तरी गोष्ट नॉर्मल आली म्हणून मी मारलेली.

पिट्युटरीवर गाठ नाही ना, म्हणून एमआरआय झाला. मग जनुकाची तपासणी. या विकाराची पहिली नोंद १९६७ ची, बीटाच्या जनुकातली चूक सापडली १९८९ मध्ये. म्हणजे माझ्या वेळी हे सगळं पुस्तकात होतं. साधारण चाळीस हजारांत एकाला असतं, कुणाकुणाला आठवणार, असं मी स्वतःला समजावते. मग तो ३.२ आठवतो आणि समजावणं संपतं. तू तरी का विचारलं नाहीस, असं मी त्या एकतीस वर्षांच्या बाईला विचारते. ती म्हणते, मला काय माहीत? बरोबर आहे तिचं. पण मारलेली रेघ तिचीच आहे.

आता गोळीचं. ग्रंथी उरली नाही, म्हणजे बहिऱ्या अवयवांना ऐकू जाईल एवढं हार्मोन बाहेरूनच द्यायला हवं. तेवढं दिलं की हृदय पळतं, म्हणून सोबत बीटा ब्लॉकर, हृदयाला आवरणारी गोळी. (या बीटाचा त्या बीटाशी संबंध नाही, हेही दर वेळी सांगावं लागतं.)

आणि हो, मी डोस कमी करून पाहिलाय. कुणाला न सांगता, दोन महिने. नाडी ८४ वर आली, कित्येक वर्षांनी सलग झोप लागली. टीएसएच मात्र पुन्हा उसळला, कोलेस्टेरॉल आणखी चढलं. डॉक्टर चिडल्या: पिट्युटरीला सतत असं राबवलं तर तीच फुगते. मी पुन्हा जुन्या डोसवर आले. पटलं म्हणून आले की घाबरून, ते मलाच सांगता येत नाही. ती झोप अजून आठवते.

मुलीची तपासणी केली का, हेही विचारता तुम्ही. शक्यता निम्मी निम्मी आहे. ती म्हणते, अठरा पूर्ण झाल्यावर मीच ठरवीन. मी बरं म्हटलं आहे, फक्त तिच्या गळ्याकडे बघायची सवय सुटत नाही.

पुढच्या आठवड्यात चोवीस तास होल्टर, म्हणजे हृदयाचे ठोके नोंदवणारं यंत्र, लावायचाय. डोसचं त्यानंतर बघू.