तीन भेटी आमच्या, एक त्यांची

व्हाऊचर परत आलं तेव्हा त्यावर लाल पेनाने दोनच शब्द होते, ‘भेटी अपूर्ण’. रक्कम २५० रुपये.

मी गटप्रवर्तक आहे, म्हणजे आशांच्या कामावर देखरेख करणारी. बीड जिल्हा, बालाघाटाच्या डोंगरातली गावं आणि तांडे, माझ्याकडे बावीस आशा. महिनाअखेर आली की त्यांची व्हाऊचरं गोळा करायची, फॉर्म तपासून सही करायची, लेखापालाच्या टेबलावर गठ्ठा ठेवायचा आणि ‘मॅडम, पैसे कधी पडायलेत?’ हे पुढचा महिनाभर ऐकायचं. अनुदानात केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. ते हप्त्याहप्त्याने उतरतं, आणि ज्या शीर्षाखाली, म्हणजे ज्या कामाच्या नावाने आलं, त्यालाच खर्चावं लागतं.

यातलं एक शीर्ष नवजात बाळाच्या घरच्या भेटींचं. दवाखान्यात बाळंतपण झालं तर सहा भेटी : दिवस तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा. घरी झालं तर पहिला दिवस धरून सात. लोकांना वाटतं, आशा येते, बाळाला बघते आणि चहा पिऊन जाते. नुसतं बघून होत नाही ते. आधी हात धुवायचे आणि हवेत वाळवायचे, पदराला पुसायचे नाहीत. श्वास मोजायचा तो बाळ शांत असताना, पूर्ण एक मिनिट. अर्धं मिनिट मोजून दुप्पट केलेलं मी चालवून घेत नाही, कारण एवढंसं बाळ सारखा श्वास घेतच नाही, मध्येच थांबतं. साठ किंवा जास्त आला तर पुन्हा मोजायचा. काखेत थर्मामीटर. मग झोळीचा काटा. रिकामी झोळी लावून आधी शून्यावर आणायचा, आणि वाचायचा डोळ्यांच्या रेषेत धरून. हे सगळं गडचिरोलीत ठरलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना शिकवून नवजात मृत्यू निम्म्याहून जास्त कमी करून दाखवले, १९९९ साली ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि २०११ पासून देशभर आशा हेच करतात. तेव्हाही सगळ्या भेटींचे मिळून २५० रुपये होते, माझ्या गठ्ठ्यातल्या व्हाऊचरवर आजही २५०च.

तर ते परत आलेल्या व्हाऊचरचं बाळ. जन्माचं वजन १९०० ग्रॅम. तिसऱ्या दिवशी १८००, सातव्याला १८५०. चौदाव्या दिवशी मी आशेसोबत गेले, कारण काटा अजून तांबड्या पट्ट्यातच होता, म्हणजे वजन फारच कमी. १९५० भरलं. आम्ही दोघी खूश झालो. तेवढ्यात दारात बांधलेली भांडी आणि गोधड्यांचं गाठोडं दिसलं.

“रातच्याला ट्रक येणारंय,” सासू म्हणाली.

ऊसतोडीची टोळी कोल्हापूरकडच्या एका साखर कारखान्यावर निघाली होती. मी बोलले, महिनाभर थांबा, एवढंसं लेकरू, थंडी पडायलीय. बाळंतीण बाळाला पाजत होती, मान वर न करता म्हणाली, “मॅडम, उचल दोघांची घेतलीय. अर्ध्या कोयत्यावर मुकादम कसा ऐकल?”

नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि मुकादमाकडून दोघांच्या मजुरीचे पैसे आगाऊ उचललेले. यावर मला प्रशिक्षणात काही शिकवलेलं नाही. आमच्या आशेने मात्र वेळ घालवला नाही. जुनं लुगडं मागितलं, बाळाला बाळंतिणीच्या उघड्या छातीशी उभं धरून बांधून दाखवलं, तिच्याकडून दोनदा बांधून घेतलं. ट्रकात असंच ठेवायचं, दोन-दोन तासांनी पाजायचं, पाय गार लागले किंवा दूध ओढेना की मला फोन करायचा. नवऱ्याच्या मोबाइलमध्ये स्वतःचा नंबर घातला, आणि त्याला लावूनही बघायला सांगितला. हे मी नसते तरी तिने केलं असतं. बावीस जणींत अशा चार-पाच आहेत.

एकविसाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी तिने फोनवर विचारपूस केली. बेचाळिसाव्यासाठी मी गटप्रवर्तकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून तिकडच्या आशेचा नंबर मिळवला. ती आधी म्हणाली, ऊसतोडवाल्यांच्या त्या झोपड्या, कोप्या, आमच्या गावच्या सर्व्हेत धरत नाहीत. तरी गेली. काट्याचा फोटो पाठवला, अडीच किलोच्या वर. खाली लिहिलेलं, ‘बाळ झ्याक हाय बघा.’ पुढच्या लसीकरण सत्राला मायलेकरांना घेऊनही गेली.

आता हिशेब बघा. तीन भेटी आमच्या, एक त्यांची, दोन फोनवर. आमच्या आशेने फॉर्मवर जे झालं तेच लिहिलं. एकविसाव्या दिवशीच्या रकान्यात ‘फोन’, अठ्ठाविसाव्या दिवशीच्या रकान्यात ‘फोन’. व्हाऊचर परत. तिकडच्या आशेकडे एकच भेट, तिला तर व्हाऊचर लिहायचीही सोय नाही. जिथे बाळाचं गाव आहे तिथे बाळ नाही, आणि जिथे बाळ आहे ते कुणाच्या यादीतलं गाव नाही.

लेखापाल वाईट माणूस नाही, तोही कंत्राटीच. हळूच म्हणाला, “तारखा आणि वजनं टाकून द्या ना मॅडम. कोण बघतंय?”

आशेला सांगितलं. ती म्हणाली, “मी गेलेच नाय तर गेले कसं लिहू?”

मला तिचा राग आला. हे सांगायला लाज वाटते, पण आला. कारण त्याच गठ्ठ्यात असे फॉर्म होते की ज्यांत प्रत्येक बाळ अडीच किलोवर जन्मलेलं, दर भेटीला बरोबर शंभर ग्रॅम वाढलेलं, सगळे रकाने एकाच बसणीत एकाच पेनाने भरलेले. ते मला ओळखू येतात. त्यांवर मी सही केली होती, आणि ते सगळे पास झाले.

त्याच आठवड्यात तालुक्याच्या आढावा बैठकीत साहेबांनी विचारलं, नवजात भेटींचा निधी अखर्चित का दिसतो? खर्च दाखवला नाही तर पुढचा हप्ता अडेल. माझी पर्स मांडीवर होती, त्यात ते परत आलेलं व्हाऊचर होतं. शेजारची गटप्रवर्तक उठून म्हणाली, “या महिन्यात शंभर टक्के करतो सर.” मी काहीच बोलले नाही.

व्हाऊचर अजून पर्समध्येच आहे. परवा आशेचा फोन आला. बाळाला तिसरा महिना लागलाय, म्हणजे थोड्या मोठ्या बाळांच्या घरभेटींच्या दुसऱ्या योजनेतली पहिली भेट, पन्नास रुपयांची. टोळी एप्रिलशिवाय येत नाही.

“फोन करू का मॅडम?”

“कर की.”

“आन् लिहू कुठं?”