कातडीच्या आतला माणूस

३ नोव्हेंबर, रात्रीचे साडेअकरा

आजच्याच तारखेला, १९५४ साली, जपानमध्ये ‘गोजिरा’, म्हणजे गॉडझिला या राक्षसाचा पहिला चित्रपट, प्रदर्शित झाला, आणि गेली काही वर्षे मी या दिवशी जपानी महाराक्षसांचा एखादा जुना चित्रपट आवर्जून पाहते. आज दोन पाहिले. दुपारी नऊ वर्षांच्या भाचीला शेजारी बसवून १९६९ सालचा, मुलांसाठी काढलेला. आणि घर निजल्यावर एकटीने तो मूळचा, कृष्णधवल. दुपारी चित्रपट सुरू होऊन फार वेळ झाला नव्हता, तेव्हा पडद्यावरची नजर न काढता तिने विचारले, “मावशी, आत माणूस आहे ना गं?” हो म्हटले तर तिचा विरस होईल अशी मला भीती वाटली. पण ती उलट सरसावून बसली आणि त्यानंतर राक्षसाच्या तोंडाकडे कमी आणि गुडघ्यांकडे जास्त पाहू लागली, कारण तो वळला की गुडघ्यामागे रबराला सुरकुत्या पडत होत्या.

आत हारुओ नाकाजिमा होते. १९५४ ते १९७२ या काळात १२ चित्रपटांत त्यांनी गॉडझिलाचे सोंग वठवले. पहिला पोशाख सुमारे १०० किलोंचा आणि इतका ताठ होता, की त्यात धड चालताही येईना. तेव्हा दुसरा, थोडा हलका पोशाख शिवावा लागला आणि पहिल्याचे दोन भाग करून नुसते पाय दिसणाऱ्या दृश्यांसाठी खालचा अर्धा वापरला गेला. आत गुदमरायला होणारा उकाडा, बाहेर दिव्यांची आच आणि बाहेरचे दिसण्यासाठी मानेत पाडलेली बारीक भोके, अशा अवस्थेत त्यांना टोकियो तुडवायचे होते. चाल सापडावी म्हणून ते उएनोच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन मोठी जनावरे पाऊल कसे टाकतात हे पाहत असत. चमत्कृतिदृश्यांचे दिग्दर्शक एइजी त्सुबुराया यांना खरे तर १९३३ च्या ‘किंग काँग’प्रमाणे बाहुली तसूतसूने हलवून एकेक चित्र टिपायचे होते, तेवढा वेळ हाताशी नव्हता, म्हणून माणसाला कातडीत शिरावे लागले. मला ही तडजोड वाटतच नाही. बाहुलीला दम लागत नाही, आणि या राक्षसाला तो लागतो. लढाईच्या मध्येच तो क्षणभर खांदे पाडून उभा राहतो, आणि त्या उभे राहण्यात मला नाकाजिमांचा श्वास दिसतो.

लहान शहर मोठे भासवण्याचे गणितही मला मोहात पाडते. राक्षस ५० मीटर उंच आणि पोशाख चढवलेला माणूस साधारण दोन मीटर, म्हणून पायाखालच्या इमारती खऱ्याच्या पंचविसाव्या हिश्श्याच्या बांधल्या. पण एवढीशी इमारत कोसळायला खऱ्या इमारतीच्या पाचव्या हिश्श्याइतकाच वेळ लागतो आणि डोळ्याला ती लबाडी लगेच कळते. यावर उपाय असा, की कॅमेरा जलद चालवून चित्रण करायचे आणि पडद्यावर ते नेहमीच्या गतीने दाखवायचे. म्हणजे ढिगारा सावकाश खाली येतो आणि पावलाला वजन चढते. पाणी मात्र या युक्तीला दाद देत नाही. थेंब काही पंचविसाव्या हिश्श्याचा करता येत नाही, त्यामुळे गॉडझिला समुद्रातून वर येतो तेव्हा त्याच्या अंगावरून ओघळणारे टपोरे थेंब त्याचे खरे माप सांगून टाकतात. या थेंबांची मी दर वेळी वाट पाहते.

आज रात्री ज्या दृश्यापाशी मी थांबले, ते मात्र विजेच्या मनोऱ्यांचे आहे. समुद्राकाठी उच्च दाबाच्या तारांचे कुंपण उभारलेले असते. राक्षस त्यावर तोंडातली वाफ सोडतो आणि पोलादी मनोरे तापून पांढरेफटक होतात व माना टाकतात. ते मनोरे मेणाचे होते आणि उष्णतेने वितळवले होते. मेणबत्ती पडण्याआधी जशी कमरेत मऊ होते, अगदी तसाच तो मनोरा आधी वाकतो. हे ठाऊक असूनही माझ्या पोटात गोळा येतो, आणि ठाऊक नसते तर इतका आला असता असे मला वाटत नाही. आरोळीचेही तेच आहे. संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी ती कॉन्ट्राबास या मोठ्या तंतुवाद्याच्या तारेवरून राळ लावलेला चामडी हातमोजा ओढून काढली. राळेचा चरचराट त्या आरोळीच्या तळाशी आजही ऐकू येतो.

दिसणारे कसब पाहून रसभंग न होऊ देण्याची सवय जपानला जुनी आहे. बुनराकु या बाहुलीनाट्यात एकेक मुख्य बाहुली तिघे जण सर्वांदेखत हलवतात. प्रेक्षक त्यांना पाहतात आणि तरी बाहुलीसाठी रडतात. गॉडझिलाच्या चित्रपटांतल्या किंग गिदोरा या तीन डोक्यांच्या राक्षसाच्या माना वरून तारांनी पेललेल्या असत आणि त्या तारा कधीकधी चक्क चमकतात. याला कोणी दोष म्हटले, की मला मनापासून वाईट वाटते. सोंग हे सोंग म्हणूनच पाहायचे असते. ते ओळखू येऊनही मनाला भिडले तर ते वठले.

पहिला चित्रपट ज्या दुःखातून आला, त्याला तर असेच सोंग पेलू शकत होते. १ मार्च १९५४ रोजी बिकिनी बेटांवर अमेरिकेने घेतलेल्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली. बोटीवर २३ जण होते आणि त्यांतले तारायंत्र सांभाळणारे आइकिची कुबोयामा २३ सप्टेंबरला वारले. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत चित्रपट पडद्यावर आला. दिग्दर्शक इशिरो होंडा यांनी सैन्यातून परतताना उद्ध्वस्त हिरोशिमा डोळ्यांनी पाहिले होते. रुग्णालयात एका लहान मुलीजवळ किरणोत्सर्ग मोजण्याचे यंत्र धरले जाते आणि तपासणारा शास्त्रज्ञ नुसती मान हलवतो, एवढ्याच दृश्यात त्यांनी ते सारे सांगितले आहे.

अकरा वर्षांनी, १९६५ च्या चित्रपटात, हाच राक्षस परग्रहावर विजयाच्या आनंदात उड्या मारून नाचतो. ती उडी त्या वेळच्या एका लोकप्रिय चित्रकथेतल्या पात्राची होती. त्सुबुरायांना ती हवी होती, होंडांना रुचली नव्हती. मला दोघांचेही पटते, पण पाहताना मी त्सुबुरायांच्या बाजूची होते. पुढे १९७३ मध्ये तो शेपटीवर घसरत येऊन शत्रूला दोन्ही पायांची लाथ हाणतो. त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही, मी फक्त टाळ्या वाजवते.

दुपारचा चित्रपट होंडांचाच, आणि बहुतेक जाणकार त्याला सर्वांत टाकाऊ मानतात, कारण त्यातल्या कितीतरी लढाया आधीच्या चित्रपटांतून उचललेल्या आहेत. मला तो अतिशय प्रिय आहे. कारखान्यांच्या धुराने भरलेल्या कावासाकीतला इचिरो हा मुलगा; वडील रेल्वेत, आई कामावर, आणि शाळेतून आल्यावर कुलूप उघडून रिकाम्या घरात शिरणे त्याच्या नशिबी. अशा मुलांना जपानीत ‘कागिक्को’ म्हणतात, म्हणजे किल्लीवाली मुले. त्याला छळणाऱ्या दांडग्या मुलाचे नाव गाबारा, आणि स्वप्नातल्या बेटावर गॉडझिलाच्या पिल्लाला छळणाऱ्या राक्षसाचे नावही गाबाराच. तिथे ते पिल्लू इचिरोएवढे लहान होऊन त्याच्याशी बोलते. तिसरीत असताना माझ्याही गळ्यात सुतळीला बांधलेली किल्ली असे. आई कार्यालयातून साडेसहाला यायची, आणि तोवर स्वयंपाकघरात दिवा लावायला मी घाबरत असे. तेव्हा मला असा सवंगडी आनंदाने चालला असता, मग त्याच्या रबराला कितीही सुरकुत्या का असेनात.

भाचीला शनिवारी ‘मोथ्रा’ दाखवायचे ठरले आहे. १९६१ च्या त्या चित्रपटातली अजस्र अळी तिने चित्रात पाहिली आहे, आणि ती सरपटते कशी, हे आज झोपेपर्यंत ती विचारत होती. त्या अळीच्या आत ओळीने कितीतरी माणसे होती, हे मी तिला अजून सांगितलेले नाही.