सुरुवातीच्या वेबवरचा आवाज

१५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईत विदेश संचार निगमाची इंटरनेट सेवा सर्वसामान्यांसाठी सुरू झाली, तेव्हा वेबवर आवाज ठेवायचा म्हणजे बहुधा सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीची एयू किंवा मायक्रोसॉफ्ट-आयबीएमची वेव्ह या प्रकारची ध्वनिफाइल ठेवावी लागे. ८ किलोहर्ट्झ, ८ बिटांची (म्हणजे सेकंदाला आवाजाचे ८,००० नमुने, प्रत्येक ८ बिटांचा) एयू टेलिफोनच्याच दर्जाची. तरीही एका मिनिटाचे ४८० किलोबाइट होत आणि ते सेकंदाला २८.८ किलोबिट आणणाऱ्या टेलिफोन-मोडेमवर उतरायला दोन मिनिटांहून अधिक लागत. सीडीच्या दर्जाच्या वेव्हचा तर विचारच नको. मिडी या प्रकारच्या फाइलमध्ये ध्वनी नसून केवळ स्वरांच्या सूचना असल्याने ती काही किलोबाइटांत मावे, पण दादरला सनईसारखी वाटलेली धून गिरगावात निराळ्या साउंड कार्डावर (संगणकात ध्वनी तयार करणाऱ्या भागावर) पिपाणीसारखी वाजे. माझ्या मते खरी सुटका १९९५च्याच रिअलऑडिओ या ध्वनितंत्राने केली, कारण पूर्ण फाइल उतरण्याआधीच ती वाजू लागे.