बॅटरी नवी, तरी इंजिन फिरेना

गाडी जुनी, बॅटरी नवी. किल्ली फिरवली की सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) अर्धा फेरा मारून दमायचा. बॅटरीवर 12.6 व्होल्ट, म्हणजे चार्ज पूर्ण. टर्मिनलही घासूनपुसून लख्ख. मालक म्हणाले, सेल्फच उतरवा.

मी आधी मीटर लावला. एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह पोस्टवर (टर्मिनलच्या खुंटावर), दुसरी सेल्फच्या मोठ्या बोल्टवर, आणि मदतनिसाला किल्ली फिरवायला लावली. केबलमधली व्होल्टेजची घट 0.3 व्होल्ट, अर्ध्या व्होल्टपर्यंत चालते. मग निगेटिव्ह पोस्ट ते इंजिनचा ब्लॉक. तिथे 0.2-0.3 च्या आत हवी, मिळाली 2.4. दोष अर्थच्या, म्हणजे निगेटिव्ह केबलच्या बाजूला. मीटर ओहमवर ठेवून, म्हणजे नुसता रोध मोजून, हा दोष सापडत नाही. केबलच्या चार तारा जरी शाबूत असल्या तरी मीटर शून्याजवळच दाखवतो; दीडशे अँपिअर जायला लागले की खरं कळतं.

पोस्टला पकडणाऱ्या क्लॅम्पजवळ केबल फुगलेली, वाकवली की आत करकरायची. कव्हर चिरलं तर हिरवी भुकटी, तारा बोटानेच तुटत होत्या. वीतभर पुढे कापून पाहिलं, तिथेही तांबं काळं. अ‍ॅसिड तारांमधल्या फटींतून वर चढत जातं, त्यामुळे टोक कापून नवा क्लॅम्प बसवणं फुकट; काळ्या तांब्यावर लग (केबलच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) नीट पकडत नाही.

सोडताना निगेटिव्ह आधी, जोडताना शेवटी. नाहीतर पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला की शॉर्ट. हातमोजे-चष्मा घालून पोस्ट आणि ट्रे खायच्या सोड्याच्या पाण्याने धुतले, फेस थांबेपर्यंत. हे पाणी सेलमध्ये जाता कामा नये. जुनी केबल 25 चौरस मिलिमीटरची होती, मी 35 ची घेतली. बारीक कधीच नको. इंजिन हलतं म्हणून थोडी ढील ठेवली. लग हायड्रॉलिक क्रिम्परने दाबला, वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक नळी. ब्लॉकवरची जागा रंग-गंज काढून उघड्या धातूपर्यंत घासली. इंजिन-बॉडीची अर्थपट्टीही बदलली, तीही तेवढीच कुजली होती. क्लॅम्प ठोकून बसवू नये, पोस्ट मुळाशी हलतो आणि तिथूनच अ‍ॅसिड झिरपतं. घट्ट केल्यावर, आधी नव्हे, व्हॅसलिन.

आता घट 0.15. चालू इंजिनवर चार्जिंग 14.2 व्होल्ट. हे 15 च्या वर असतं तर बॅटरी उकळून वाफेने नवी केबलही खाल्ली असती, आणि मग आधी अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरचा) व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बदलावा लागला असता.