रीलोडिंगची सुरुवात करताना पैसे कुठे वाचवायचे, कुठे नाही

रेंजवरच्या पितळी पुंगळ्या मला कधीच फेकवल्या नाहीत. काडतुसात सगळ्यात महाग तीच असते आणि ती नीट सांभाळली तर परत परत भरता येते, तेव्हा रीलोडिंगकडे, म्हणजे झाडलेल्या पुंगळीत नवा प्रायमर (पावडर पेटवणारी छोटी टोपी), पावडर आणि बुलेट बसवण्याकडे, वळणं होणारच होतं. लायसन्स आणि कायद्याचं आधी बघून घ्या, जिथे परवानगी नाही तिथे हा विषयच नको. बाकी सामानाचं सांगतो.

सगळ्यात आधी रीलोडिंगचं मॅन्युअल घ्या, प्रेसच्याही आधी (प्रेस म्हणजे डाय नावाच्या साच्यात पुंगळी दाबणारं हातयंत्र). पावडरचं वजन, पुंगळीची लांबी, काडतुसाची एकूण लांबी हे सगळं त्यातूनच घ्यायचं, कुणी सांगितलं म्हणून आकडा वापरायचा नाही.

मी सुरुवात केली ली कंपनीच्या हातोडीवाल्या किटवर. ती खिशात मावते, खरंच चालते, आणि पुंगळीला नेमकं काय होतं हे हाताला कळतं. पण पन्नास काडतुसं भरेपर्यंत संध्याकाळ संपते, आणि रायफलच्या पुंगळीची फक्त मानच साईज होते (दाबून परत मापात येते), म्हणून पुढे वापरलेली सिंगल स्टेज प्रेस, म्हणजे एका वेळी एकच काम करणारी, घेतली. ओतीव लोखंडाची, रंग उडालेली, पण रॅम (पुंगळी डायमध्ये ढकलणारा भाग) जराही डगडगत नाही. आरसीबीएस कंपनीच्या रॉक चकरसारख्या प्रेस माणसाच्या हयातीत झिजत नाहीत, म्हणून इथे सेकंडहँड घ्यायला मी अजिबात कचरणार नाही. प्रोग्रेसिव्ह प्रेस मात्र पहिली नको, तिच्यात दांडा एकदा ओढला की चार-पाच गोष्टी एकदम होतात आणि नवख्या माणसाचं लक्ष नेमकं तिथेच चुकतं.

वजनकाट्यावर मात्र कंजुसी नाही म्हणजे नाही. पावडर ग्रेनमध्ये मोजतात, एका पौंडात 7000 ग्रेन, म्हणजे एक ग्रेन साधारण 64.8 मिलिग्रॅम, आणि काट्याने त्याचा दहावा भागही नेमका दाखवायला हवा. माझा पहिला स्वस्त डिजिटल काटा पंखा चालू असला की एकाच बुलेटचं वजन दर वेळी वेगळं दाखवायचा, हे लक्षात आलं तेव्हा मी त्यावर भरलेली सगळी काडतुसं खोलली. आता साधा बीम स्केल (दांडीचा तराजू) आहे, बॅटरी नाही, हळू चालतो, पण भरोसा आहे. सोबत चेक वेट्स (काटा तपासायला नेमक्या वजनाची छोटी वजनं) घ्या, कोणताही काटा असला तरी.

डायमध्ये पिस्तुलाच्या सरळ पुंगळ्यांसाठी कार्बाइडच घ्या, थोडी महाग पडते पण ती फार कठीण असल्याने ल्यूब (वंगण) लागत नाही. रायफलच्या बाटलीसारख्या पुंगळीला ल्यूब लागतंच, मी एकदा कमी लावलं आणि पुंगळी डायमध्ये अशी अडकली की काढताना अर्धा दिवस गेला. शेल होल्डर (पुंगळीचा तळ प्रेसमध्ये धरणारा तुकडा) आपल्या कॅलिबरचाच आहे ना बघा. आणि पुंगळ्या बॉक्सर प्रायमरच्या हव्यात, आत डोकावलं की मधोमध एकच भोक दिसतं, बर्डनला दोन असतात आणि साध्या डायची, जुना प्रायमर ढकलून काढणारी पिन त्यात चालत नाही.

लांबी मोजायला व्हर्नियर कॅलिपर हवाच. टंबलर (पुंगळ्या घुसळून चकचकीत करणारं यंत्र) नंतर घेतला तरी चालेल, पुंगळ्या गरम पाण्यात धुवून पूर्ण वाळवल्या तरी काम होतं, चकाकी हा हौसेचा भाग. पावडर मेजरही (पावडर मापून टाकणारं साधन) सुरुवातीला नको, स्कूप आणि काटा पुरे.

लोडिंग ब्लॉक (पुंगळ्या उभ्या ठेवायचा ठोकळा) तर फळीला भोकं पाडून घरीच करता येतो. पुंगळ्या त्यात आधी उलट्या ठेवायच्या, एक-एक सरळ करून पावडर टाकायची आणि बुलेट बसवण्याआधी टॉर्च मारून सगळ्यांची पातळी बघायची. पिस्तुलाच्या बऱ्याच पुंगळ्यांत दुप्पट पावडर सांडल्याशिवाय मावते, आणि रिकामी राहिली तर बुलेट बॅरलमध्ये अडकते, मागून दुसरी झाडली की संपलं. टॉर्च घरात असतोच. डोळ्यांना सुरक्षेचा चष्मा मात्र विकत आणा, प्रायमर बसवताना मी तो एकदाही काढत नाही.